588 ठराव: चंद्रपूरची दारूबंदी आणि कार्यकर्त्याच्या हातातलं काम

डिसेंबर 2010. धान कापून बांधून झालेला, कुठे कुठे चुरणी चाललेली. अशा दिवसांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या दिशेने पायी निघाल्या. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं. अंतर शंभरेक किलोमीटर. मागणी एका ओळीत मावणारी: आमच्या जिल्ह्यात दारूबंदी करा.

चार वर्षं उलटल्यावर, 20 जानेवारी 2015 रोजी, राज्य मंत्रिमंडळाने ती मागणी मान्य केली आणि 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यातली परवानाधारक दुकानं नि बार बंद झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, 27 मे 2021 रोजी, दुसऱ्या सरकारच्या मंत्रिमंडळाने ही बंदी उठवली.

हे प्रकरण बहुतेक वेळा दोनच तऱ्हांनी सांगितलं जातं. एका बाजूला बायकांच्या विजयाची गोष्ट, दुसऱ्या बाजूला 'दारूबंदी कुठेच टिकत नाही' याचा पुरावा. दारूबंदी असावी की नसावी हा वाद मी इथे बाजूला ठेवतो. मला त्यातला एकच धागा पाहायचा आहे. ज्याच्याकडे पद नाही, पक्षाचं तिकीट नाही, मुंबईत ओळख नाही, अशा गावातल्या माणसाने सरकारला निर्णय घ्यायला लावण्यासाठी नेमकं काय केलं, आणि निर्णय झाल्यावर त्याच्या हातून काय निसटलं? संस्थांच्या बोलण्यात या कामाला 'जनवकिली' म्हणतात. गावात 'पाठपुरावा' म्हणतात, आणि तोच शब्द मला जास्त खरा वाटतो. पाठ आणि पुरावा दोन्ही त्यात आहेत.

नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे

ही मागणी चंद्रपुरातच का पेटली, हे नकाशा पाहिल्यावर कळतं. पश्चिमेला वर्धा, गांधीजींचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून कोरडा. पूर्वेला गडचिरोली. 1982 पर्यंत तो चंद्रपूरचाच भाग होता, आणि 1993 मध्ये तिथे लोकांच्या आंदोलनातून दारूबंदी झाली. मध्ये वैनगंगा. सावली, ब्रह्मपुरी या बाजूच्या बायकांची माहेरं नदीपलीकडे, पलीकडच्यांची सासरं अलीकडे. पलीकडे दुकान नाही, अलीकडे पुलाजवळच परवाना. ज्या बाईची बहीण पलीकडे दिली आहे तिला दारूबंदी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

जिल्ह्याचा दुसरा अर्धा भाग वेगळाच आहे. राजुरा, कोरपना, घुग्गुस, बल्लारपूर हा कोळशाच्या खाणींचा, सिमेंटचा आणि कागद कारखान्याचा पट्टा. इथे पगाराची तारीख आणि बारची गर्दी यांचं नातं कुणी समजावून सांगावं लागत नाही. धानपट्ट्यातल्या मजूर बाईची तक्रार आणि खाणकामगाराच्या बायकोची तक्रार एकच असली, तरी दोघींना एका मोर्चात आणणं सोपं नव्हतं. पंधरा तालुक्यांचा जिल्हा, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला एसटीने जायला अख्खा दिवस जातो.

ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेने ही मागणी पुढे आणली. संघटना आधीपासून मजुरांच्या, आदिवासींच्या, जमिनीच्या प्रश्नांवर काम करत होती. तिच्या बैठकींना येणाऱ्या बायका मजुरीचं बोलता बोलता दारूवर येत, हे अशा कामात नेहमीचं. गावात बचत गट होतेच. बचत गटाकडे आपण पैशाची सोय म्हणून बघतो, पण पाठपुराव्याच्या दृष्टीने बघितलं तर ती एक तयार यंत्रणा आहे. महिन्याची ठरलेली बैठक, सह्यांचं रजिस्टर, एक लिहिता-वाचता येणारी सचिव, आणि कोणाच्या घरी पैसे कशाला लागतात याची सगळ्यांना असलेली माहिती. नवी संघटना उभारायला लागली असती तर दोन वर्षं त्यातच गेली असती.

ठराव: कागद एक पानाचा, काम महिन्याचं

मोर्चाचे फोटो छापून येतात, ठरावाचे येत नाहीत. पण माझ्या मते या प्रकरणाचा कणा ठराव होता. जिल्ह्यातल्या आठशेच्या वर ग्रामपंचायतींपैकी 588 ग्रामपंचायतींनी दारूबंदीच्या बाजूने ठराव केले. हा आकडा पुढे समितीसमोर गेला, वर्तमानपत्रांत आला आणि नेत्यांच्या भाषणांत शिरला.

ग्रामसभेच्या ठरावाने दुकान बंद होत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. जिल्हाभर बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारचा. ग्रामपंचायत फक्त शिफारस करू शकते. मग एका शिफारशीचं वजन किती? जवळजवळ शून्य. पाचशे अठ्ठ्याऐंशी शिफारशींचं मात्र असतं, कारण आमदाराला त्या आकड्यात स्वतःच्या मतदारसंघातली गावं दिसू लागतात.

आता हा एक पानाचा कागद मिळवायला काय लागतं ते जवळून बघू. वर्षात ग्रामसभा मोजक्याच होतात: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास. नियमाने नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. त्यामुळे पहिलं काम असतं ती खरोखर भरवून घेणं. सभेची नोटीस कधी लागते, विषयपत्रिकेत कोणते विषय आहेत, हे ग्रामसेवकाला आधीच विचारून ठेवायचं. दारूचा विषय पत्रिकेत यावा म्हणून चार-पाच बायकांच्या सहीचा अर्ज आठवडाभर आधी द्यायचा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक घ्यायचा. 'पोच घेतली का?' हा प्रश्न अनुभवी कार्यकर्ता झोपेतही विचारतो. पोच नसेल तर पुढे 'असा अर्जच आला नव्हता' असं उत्तर मिळतं आणि आपण बघत राहतो.

मग सभेचा दिवस. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. सकाळी नऊची वेळ दिलेली असते आणि नऊ वाजता बायका शेतात असतात. म्हणून आदल्या संध्याकाळी घरोघरी फिरणं आलं. सभा सुरू झाली की घरकुल, रोजगार हमी, गटार या विषयांवर दोन तास जातात. दारूचा विषय शेवटी, आणि तोवर अर्ध्या बायका उठून गेलेल्या. ज्यांना हे ठाऊक आहे त्या पुढच्या रांगेत बसतात नि पहिल्या अर्ध्या तासातच उठून म्हणतात, आमचा विषय आधी घ्या.

ठराव मंजूर झाला असं ओरडून झालं की लोक पांगतात. खरी मेख त्यानंतर आहे. प्रोसिडिंग बुकात काय लिहिलं जातं? 'दारूबंदीवर चर्चा झाली' आणि 'जिल्ह्यात संपूर्ण दारूबंदी करावी अशी शासनास शिफारस करण्याचे सर्वानुमते ठरले' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्या वाक्याचा उपयोग कुणालाच नाही. म्हणून ठरावाचा मजकूर आधीच साध्या मराठीत लिहून न्यायचा, सभेत मोठ्याने वाचायचा, सूचक आणि अनुमोदकाची नावं घालायची, आणि ग्रामसेवक उठायच्या आत तो जसाच्या तसा उतरवून घ्यायचा. संविधानाचं कलम 47, ज्यात मादक पेयांना आळा घालण्याचं मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याचा उल्लेख ठरावात केला की कागदाला जरा ताठपणा येतो, एवढंच. त्यावर न्यायालयात जाता येत नाही. शेवटी ठरावाची साक्षांकित नक्कल मिळवायची. ती पहिल्या खेपेत मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही ग्रामसेवक कधी तालुक्याला मिटिंगला गेलेला असतो, कधी रजेवर असतो.

या सगळ्या कामाला भाषण करता येणारा माणूस लागत नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण 'मला बोलता येत नाही, मी काय करणार' असं म्हणून मागे राहणारे गावात सगळ्यात जास्त असतात. बारावी शिकलेली सून मजकूर लिहिते. एखादी म्हातारी घरोघरी फिरते, कारण तिला कुठल्याही घरात शिरायला मज्जाव नसतो. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो पोरगा नकलेसाठी पंचायत समितीत चार चकरा मारतो. गावातले मास्तर किंवा तलाठी उघडपणे मोर्चात येऊ शकत नाहीत, सेवा-वर्तणुकीचे नियम आडवे येतात. पण अर्जात तारीख राहून गेली, विषय चुकला, हे ते संध्याकाळी ओट्यावर बसून सांगू शकतात, आणि सांगतात.

चिमूरहूनच का

पदयात्रा चिमूरहून निघाली यातही हिशेब दिसतो. चिमूर म्हटलं की 16 ऑगस्ट 1942 चा इंग्रजांविरुद्धचा उठाव आठवतो. विदर्भात हे नाव सांगितलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. शिवाय हा सगळा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रभावाचा टापू. गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं, सामुदायिक प्रार्थना, खंजिरी. व्यसनाविरुद्ध बोलणं इथे बाहेरून आलेलं वाटत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, म्हणजे चंद्रपूर शहरातून निघाले असते तर तो नेहमीचा एक मोर्चा झाला असता.

वेळ अधिवेशनाची. हिवाळी अधिवेशनात नागपुरात रोज मोर्चांची रांग लागते. यशवंत स्टेडियमच्या आसपास लोक जमतात, पोलीस ठरलेल्या ठिकाणी अडवतात, पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, कुणीतरी मंत्री निवेदन घेतो, 'सकारात्मक विचार करू' म्हणतो, नि संध्याकाळच्या गाडीने लोक परत. एसटीने येऊन एसटीने गेलेला मोर्चा दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. दिवसामागून दिवस पायी येणारा मोर्चा मात्र पोचायच्या आधीच बातमी होतो. रोज एका नव्या मुक्कामाची बातमी, आणि अधिवेशन चालू असताना 'त्या बायका आता इथवर आल्या' ही कुजबुज. सरकारला पहिल्या दिवसापासून त्यांच्या येण्याची वाट बघावी लागते.

पदयात्रेत चालणाऱ्यांइतकेच न चालणारे लागतात, हे लोक विसरतात. घरी कोण राहणार, म्हशीचं दूध कोण काढणार, शाळेतल्या पोरांना डबा कोण देणार? ज्या बाईची सासू 'जा' म्हणते तीच चालू शकते. वाटेतल्या गावांनी रात्रीचा भात आणि वरण रांधावं लागतं, शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायची सोय करावी लागते, पायाला फोड आलेल्यांना पुढच्या मुक्कामापर्यंत न्यायला एक गाडी लागते. असं रांधणारं गावही त्या मागणीत सामील होतं, मग त्याचा ठराव झालेला असो वा नसो.

समिती नावाचं शीतगृह

या दबावानंतर सरकारने 2011 मध्ये तेव्हाचे पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समिती नेमणं म्हणजे प्रश्न शीतगृहात ठेवणं, असं आपल्याकडे गमतीने म्हणतात आणि ते बरंचसं खरं आहे. पण इथे समितीचा एक उपयोग झाला. गावोगावचे ठराव, निवेदनं, अनुभव यांना जायला एक पत्ता मिळाला. लोकांनी जमवलेलं सगळं एका सरकारी अहवालात शिरलं. अहवाल दारूबंदीच्या बाजूने आला.

आणि मग फाईल पडून राहिली. एक वर्ष, दोन वर्षं. आंदोलनाचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कठीण काळ हाच. पहिल्या मोर्चाला आलेली बाई दुसऱ्याला येते, तिसऱ्याला विचारते, 'मागच्या वेळी काय झालं होतं?' तिला उत्तर देता आलं नाही तर चौथ्याला ती येत नाही. या काळात धरणी, उपोषणं, निवेदनं चालू राहिली. मागणी थंडावली नाही याचं श्रेय मी भाषणांना देत नाही. प्रत्येक गावात एक तरी माणूस असा होता ज्याला आपल्या गावाचा ठराव कुठवर पोचला हे माहीत होतं, म्हणून ती थंडावली नाही, असं मला वाटतं.

2014 ची विधानसभा निवडणूक आली. बल्लारपूरचे आमदार सुधीर मुनगंटीवार या मागणीच्या बाजूने होते. सरकार बदललं, ते राज्याचे अर्थमंत्री झाले नि जिल्ह्याचे पालकमंत्रीही. दारूचा महसूल ज्याच्या खात्यात मोजला जातो तोच मंत्री तो सोडायला तयार झाला, हा योगायोग रोज जमत नाही. जानेवारीत निर्णय झाला. अंमलबजावणीची तारीख 1 एप्रिल ठरली, कारण दारूचे परवाने 31 मार्चला संपतात आणि दरवर्षी नव्याने करून घ्यावे लागतात. नूतनीकरण झालं नाही की दुकान आपोआप बंद. पाठपुरावा करणाऱ्याने अशा तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. जूनमध्ये मागणी रेटली तर सरकारला परवाने मध्येच रद्द करावे लागतात. जानेवारीत रेटली तर पुढचे फक्त द्यायचे नसतात.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लपवली तर हे प्रकरण अर्धवट राहील. पुढे 2019 मध्ये पारोमिता गोस्वामी ब्रह्मपुरीतून आम आदमी पक्षाच्या उमेदवार म्हणून विधानसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. विजय वडेट्टीवार निवडून आले. दारूबंदीसाठी चालणाऱ्या बायका त्याच मुद्द्यावर मत देतील असं कुणी धरून चाललं असेल तर ते चुकलं. माणूस मोर्चाला एका कारणाने जातो आणि मत दहा कारणांनी देतो. मला यात विश्वासघात दिसत नाही. मुद्द्याची ताकद आणि उमेदवाराची ताकद यांचे हिशेब वेगळ्या वहीत मांडायचे असतात.

1 एप्रिलनंतर कोण मोजत होतं?

बंदी लागू झाली आणि बाजूच्या जिल्ह्यांतून, तेलंगणातून चोरट्या मार्गाने दारू येऊ लागली. यवतमाळ, नागपूर या बाजूंना दुकानं चालूच होती. गाड्या पकडल्या जाऊ लागल्या, गुन्हे दाखल होऊ लागले. नोव्हेंबर 2018 मध्ये नागभीड परिसरात दारूची गाडी अडवायला गेलेल्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या अंगावर गाडी घातली गेली आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्या घटनेने जिल्हा हादरला.

गुन्ह्यांच्या आकड्याची एक गंमत आहे. आकडा वाढला म्हणजे पोलीस कामाला लागले, असा अर्थ काढता येतो, आणि दारू वाढली असाही. त्याच आकड्यावर दोघे भांडू शकतात. बुडालेल्या महसुलाचं तसं नाही. तो रुपयापर्यंत मोजता येतो, आणि दरवर्षी कुणीतरी तो मोजून दाखवतो. एखाद्या वस्तीत संध्याकाळची मारझोड थांबली, हे कुठल्या खात्याच्या रकान्यात बसतं?

डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बंदीनंतर नमुना पाहणी करून पिणाऱ्यांचं प्रमाण घटल्याचं मांडलं. पण एका संस्थेची एक पाहणी आणि दर महिन्याला फुगणारा सरकारी आकडा यांत दुसराच लोकांच्या कानांवर जास्त आदळतो. 2021 पर्यंत चर्चा जवळपास पूर्णपणे अवैध दारू, गुन्हे, व्यापारात ओढली गेलेली बायका-मुलं आणि महसूल या चौकटीत गेली होती. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल आला आणि मंत्रिमंडळाने बंदी उठवली. पालकमंत्री तेव्हा वडेट्टीवार होते.

ज्या चळवळीने 588 ठराव गोळा केले, तिच्याकडे 2021 मध्ये 588 गावांची वही हवी होती. आपल्या गावात विक्रीची किती ठिकाणं, ती कधी बंद झाली, कधी पुन्हा सुरू झाली, तक्रार कधी दिली, पोच क्रमांक काय, पोलीस किती दिवसांनी आले. याला खर्च वहीचा आणि पेनाचा. बंदी मागताना प्रत्येक गावाने स्वतःचा आकडा सरकारला दिला होता. बंदी चालवताना मोजणी सरकारवर सोडली गेली. माझं हे मत काहींना कठोर वाटेल. बायकांनी चालायचं, ठराव करायचे, आणि वर पाळतही ठेवायची? पोलीस कशाला आहेत मग? प्रश्न रास्त आहे. पण पोलिसांच्या वहीत पोलिसांचं काम लिहिलेलं असतं, तुमच्या गावाची अवस्था नसते.

नदीपलीकडे गडचिरोलीत वेगळं घडलं. तिथेही चोरटी दारू होतीच, आजही आहे. पण बंदीला वीसेक वर्षं झाल्यावर 'मुक्तिपथ' नावाचं अभियान उभं राहिलं, सरकार, 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून. तालुक्यागणिक माणसं, गावागावात गाव संघटना, विक्री बंद झालेल्या गावांची मोजदाद, पिणाऱ्यांसाठी उपचाराची सोय. चंद्रपुरात असं काही उभं राहिलं नाही. गडचिरोलीची बंदी अजून आहे, चंद्रपूरची नाही. यामागे एवढं एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. चंद्रपूर हा खाणींचा, कारखान्यांचा, शहरांचा जिल्हा आहे, तिथे दारूचा पैसा कितीतरी मोठा.

पाळत ठेवण्यात एक धोका आहे, आणि तो न सांगता लोकांना या कामाला लावणं मला पटत नाही. गावात दारू विकणारा शेजारी असतो. कधी ती विधवा बाई असते, जिच्याकडे दुसरं उत्पन्न नाही. तक्रार दिली की तक्रारदाराचं नाव संध्याकाळपर्यंत विकणाऱ्याला कळतं. म्हणून एकट्याने तक्रार द्यायची नाही. ग्रामपंचायतीच्या किंवा महिला समितीच्या नावाने, पंधरा-वीस सह्यांनी द्यायची. 2016 मध्ये दारूबंदी कायद्यात सुधारणा होऊन अवैध दारूविरुद्ध ग्रामरक्षक दल नेमण्याची सोय झाली. पहारा देणाऱ्याला निदान कायद्याचं छत्र मिळावं हा त्याचा उपयोग. दल कागदावर नेमून मोकळं व्हायची सवय आपल्याकडे आहेच, तो भाग वेगळा.

पुन्हा बाटली: उभी आणि आडवी

बंदी उठल्यावर जिल्ह्यातल्या गावांच्या हातात पुन्हा तेच हत्यार आलं जे राज्यात इतरत्र आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल अशी ही मतपत्रिका, आणि सरकारी कागदात इतकी सोपी गोष्ट मी क्वचित पाहिली आहे.

मेख आकड्यात आहे. आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. समजा गावात 800 महिला मतदार आहेत. अर्जाला 200 सह्या लागतील. मतदानाला 500 बायका आल्या आणि त्यांतल्या 390 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. उभ्या बाटलीला फार तर 110 मतं. तरी दुकान चालूच राहणार, कारण लागत होत्या 401. जी घरी राहिली तिचं मत दुकानदाराच्या बाजूने धरलं जातं असं समजायला हरकत नाही.

म्हणून या मतदानाची तयारी घोषणांपासून सुरू होत नाही, मतदार यादीपासून होते. यादीची प्रत काढायची आणि बचत गटाच्या दोघी-तिघींनी संध्याकाळी बसून नावावर नाव वाचायचं. ही वारली तीन वर्षांपूर्वी. हिचं लग्न होऊन ती भंडाऱ्याला गेली. ही पुण्याला, मुलाकडे. ही दोनदा आली आहे, एकदा माहेरच्या नावाने, एकदा सासरच्या. अशी तीसेक नावं निघाली तर त्यांच्यासाठी नमुना 7 भरून यादीतून कमी करून घ्यायची, आणि तेही मतदानाचा अर्ज टाकायच्या कितीतरी आधी, कारण यादी दुरुस्त व्हायला वेळ लागतो. आठशेतून तीस गेली की 401 ऐवजी 386 पुरतात. वरच्या उदाहरणातल्या 390 मतांनी दुकान बंद झालं असतं.

सह्यांचंही तसंच. पडताळणीला अधिकारी येतात तेव्हा बाईने 'ही माझीच सही' असं सांगावं लागतं. आदल्या रात्री दुकानदाराची माणसं फिरलेली असतात, नवऱ्याने दम दिलेला असतो. म्हणून 200 लागत असतील तर 300 जमवायच्या.

आणि महिना कोणता, हे सगळ्यांत आधी ठरवावं लागतं. धान निघाला की चंद्रपूरच्या पूर्व भागातली कुटुंबंच्या कुटुंबं तेलंगणात मिरची तोडायला जातात. फेब्रुवारीत मतदान लागलं तर यादीतल्या कितीतरी बायका मिरचीच्या शेतात असणार, आणि त्यांची प्रत्येक गैरहजेरी उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होणार. म्हणून अर्ज कधी टाकायचा हे बचत गटाच्या बैठकीत ठरतं, मिरचीला गेलेल्या बायका कधी परततात ते विचारून.